सरव्याचा हक्क

आमच्या मंडळीचा विधवा निधी माझ्याकडे आला, तो मी महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो म्हणून. गावाकडे आम्हाला सर्कल म्हणतात. पाळकसाहेबांचा हिशेब सरळ होता. या माणसाला कागदाची सवय आहे, आणि जत, आटपाडी, माण, खटाव हे तालुके त्याने पायाखाली घातलेले आहेत. निधी फार मोठा नाही. हंगामाच्या उपासनेतलं दानार्पण आणि मिरजेत नर्सिंग शिकून आखातात गेलेल्या आमच्या काही मुली पाठवतात ते पैसे, एवढाच. नाताळच्या आधी त्यातून ज्वारी, डाळ, तेल, एक साडी आणि एक ब्लँकेट असं वाटप होत असे. वाटप झालं की फोटो, आणि फोटो पाठवला की पुढच्या वर्षीचे पैसे.

त्या ज्वारीला मी कमी लेखत नाही. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे तिथे आधी धान्यच लागतं. पण विधवेला आपण जे देतो ते दान असतं का, हा प्रश्न या कामाने माझ्यापुढे उभा केला. पवित्र शास्त्र मी लहानपणापासून वाचत आलो. सातबारा पुढे नोकरीत वाचायला शिकलो. या प्रश्नाच्या बाबतीत मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते.

जत तालुक्यातली एक बाई. नवरा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. सरकारकडून पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं, ते दवाखान्याच्या उसनवारीत गेलं. मुलं दोन, दोघंही शाळेत. वाटपाच्या दिवशी साडी घेऊन ती गेली नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. सगळे पांगल्यावर पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घड्या पडून फाटायला आलेला सातबाराचा उतारा आणि मुद्रांकाचा एक कागद होता. मी उतारा पाहिला. जमीन सासऱ्याच्या मागे थोरल्या दिराच्या नावावर आणि नावापुढे ती तीन अक्षरं, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, पण कागदावर नाव एकाचं. तिच्या नवऱ्याचं नाव उताऱ्यावर कधी लागलंच नव्हतं. दुसरा कागद हक्कसोडपत्राचा मसुदा होता. पेन्शनच्या कामाला लागतो असं सांगून तिची सही मागितली होती.

“भावजी म्हणत्यात, तुझं नाव कशाला पायजे, पोरांचं लागंल की फुडं,” ती म्हणाली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. नवऱ्याच्या वाट्यात तिचा हिस्सा आहे आणि तो दिराच्या मेहेरबानीवर नाही. मी तिला एवढंच म्हटलं, “अक्का, यावर सही करायची नाही. अर्ज आपण करू.” ती गप्प राहिली. मग तिने विचारलं, “मला तुमच्यात यावं लागंल का?”

हा प्रश्न तिने घाबरून विचारला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा विचारला होता. तिच्या अनुभवात फुकट काहीच मिळालेलं नव्हतं, तेव्हा याचीही काही किंमत असणारच, ती आधी कळलेली बरी. मी “नाही” म्हणालो. त्या एका शब्दामागे काय काय असायला हवं, याचा विचार मी अजून करतो आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला माघारी जायचं नाही. द्राक्षमळा एकदा खुडला की उरलेल्या घडांसाठी पुन्हा फिरायचं नाही. ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. तासगावच्या बागाईतदाराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. खुडणी झालेल्या बागेतही वेलीवर काही ना काही राहतंच. आज्ञा म्हणते, ते तुझं नव्हतंच. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं, वेचायला आलेल्या बाईने मालकाचे पाय धरायचे नाहीत, मालकाने बांधावर उभं राहून ‘मी दिलं’ म्हणायचं नाही. देणारा तिथे हजरच नसतो. परमेश्वराने गरिबाचा वाटा पिकातच ठेवला, मालकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडला नाही.

रूथची गोष्ट याच सरव्यापासून पुढे जाते. परमुलखातली, दुसऱ्या कुळातली विधवा, म्हाताऱ्या सासूला घेऊन आलेली. प्रवचनांत आपण बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतातला भाग ऐकतो आणि थांबतो. मला मात्र शेवटचा अध्याय धरून ठेवतो, कारण तो चक्क जमिनीचा व्यवहार आहे. गावाच्या वेशीत दहा वडील माणसं बसवली आहेत. सगळ्यांत जवळच्या भाऊबंदाला विचारलं जातं, रूथच्या सासऱ्याची, अलीमलेखाची जमीन सोडवून घेतोस का? तो लगेच हो म्हणतो. जमिनीबरोबर त्या विधवेची जबाबदारी येते असं कळताच तो माघार घेतो, आणि साक्षीदारांसमोर पायातला जोडा काढून दिला जातो. ही नोंद मी नोकरीत किती वेळा पाहिली! जमीन हवी, जमिनीबरोबरचं माणूस नको. शास्त्रातली ती गोष्ट धान्याच्या पोत्यावर संपत नाही. पंचांसमोर, साक्षीने, हक्क लागतो तेव्हाच ती पुरी होते.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातली विधवाही अन्यायी न्यायाधीशाच्या दारात वारंवार जाते ती भाकरी मागायला नव्हे. ती म्हणते, माझा न्याय कर. मंडळीत हा दाखला आम्ही प्रार्थनेत चिकाटी ठेवावी म्हणून शिकवतो, ते बरोबरच आहे. पण ज्या बाईने तालुक्याच्या कचेरीत तारखेवर तारीख घेतली आहे, तिला तो आधी तिच्याच आयुष्यासारखा वाटतो.

आता ‘तुमच्यात यावं लागंल का’ या प्रश्नाकडे. हा प्रश्न महाराष्ट्राने एका फार मोठ्या बाईला विचारला होता. पंडिता रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि अमेरिकेतल्या लोकांनी उभ्या केलेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला गेलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आमच्यातले बरेच लोक या प्रकरणात डोळे मिटून रमाबाईंची बाजू घेतात. मी त्यांना फार मानतो, तरी मला दोन्हीकडचं दुखणं खरं वाटतं. रमाबाईंनी आपली प्रार्थना दार लावून का करावी? आणि जिला परत जायला घर नाही अशा मुलीची निवड किती मोकळी असते? दुसरा प्रश्न विचारणारा माणूस धर्माचा शत्रू नसतो. आश्रयाला आलेल्याकडे ‘नाही’ म्हणायची ताकद नसेल, तर त्याच्या ‘हो’ला देवापुढे तरी किती वजन?

सारफथची विधवा मला इथे उपयोगी पडते. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला परमेश्वराने इस्राएलातल्या कुठल्या विधवेकडे पाठवलं नाही, सीदोनच्या मुलखातल्या, दुसऱ्या देवाच्या गावातल्या विधवेकडे पाठवलं. मडक्यात मूठभर पीठ होतं, त्यातली पहिली भाकरी तिने संदेष्ट्याला दिली. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने ही आठवण काढली तेव्हा लोक इतके चिडले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले. देवाच्या माणसाला परधर्मी विधवेने जगवलं, हे ऐकून घेणं तेव्हा जड गेलं, आणि आमच्या मंडळ्यांना आजही जड जातं. आपण देणारे, त्या घेणाऱ्या, ही मांडणी आम्हाला सोयीची झाली आहे.

ही मांडणी मोडणारं एक जवळचं उदाहरण साताऱ्याला आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून तिथे देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसवणारा. दोन वर्षांत ते गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला जे दिलं, ते कुठल्याही विधवा निधीच्या वहीत मावणारं नाही.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. मिरजेपासून हे गाव लांब नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला. काम कुणाच्या हातून झालं याचं मला काही वाटलं नाही. आमच्या लग्नांतही नवरीच्या मावशी विधवा असतील तर त्या मागच्या बाकावर बसतात, हे मी पाहत आलो आहे. ख्रिस्ती विधवेला १९२५ च्या वारसा कायद्याने, मुलं असतील तर, एक तृतीयांश हिस्सा आहे. आमच्यातल्या किती घरांत तो दिला जातो, हे पाळकांनी एकदा वेदीवरून विचारावं.

निधीचा खर्च आता बदलला आहे. धान्य चालू आहे, पण वहीत नव्या बाबी आल्या आहेत. एसटीचं भाडं, नकलांची फी, उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाचा खर्च, आणि कचेरीत गेल्यामुळे बुडालेला दिवसाचा रोज. तो रोज देण्यावरून मंडळीत वाद झाला. एका भावाने विचारलं, यात सुवार्ता कुठे आहे? मी म्हणालो, मोशेच्या आज्ञेत विसरलेल्या पेंढीबरोबर प्रवचन बांधलेलं नव्हतं. आखातातल्या मुलींना फोटोऐवजी आता मी फेरफाराची प्रत पाठवतो, बाईचं नाव झाकून. एकीने उलट टपाली विचारलं, माझ्या आईच्या घराचंही असंच करता येईल का?

जतच्या बाईच्या नोंदीला दिराने हरकत घेतली आहे. तक्रारी केस म्हणून ती चालू आहे आणि दोन तारखा झाल्या. पुढच्या तारखेला मी येऊ का, म्हणून फोन केला तर म्हणाली, “नगा येऊ, कागद माझ्याकडं हाईत. आता मला बोलता येतंय.” भाड्याचे पैसे तेवढे पाठवले.