सुट्टीत उरकलेले दात

मे महिन्यात, गणपतीत आणि ईदेच्या आगेमागे खेड, चिपळूण, दापोली किंवा रत्नागिरीतल्या दातांच्या दवाखान्यात डोकावावं. बाकावर कुवेत, दोहा नाहीतर दुबईहून सुट्टीवर आलेलं कुणीतरी हमखास बसलेलं असतं. कुणाची दाढ कित्येक महिने ठणकत होती, कुणाचा पुढचा दात तुटला होता. ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणत यांनी गोळ्यांवर दिवस काढलेले असतात. गावातलं लग्न, घराची डागडुजी, बँकेची कामं आणि दात, सगळं त्याच महिन्यात बसवायचं.

जहाजांवर खलाशी म्हणून जाणारी कोकणी माणसं जुनीच. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाहू लागला आणि आखाताची वाट रुळली. त्या पैशावर इथे घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण कामगाराच्या तोंडापर्यंत तो पैसा सहसा पोचत नाही. दुबईत २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला, तरी कमी पगारवाल्यांच्या मूळ योजनेत दातांची नेहमीची कामं धरलेली नाहीत. तिथे रूट कॅनॉल करून कॅप बसवायची तर पगाराचा मोठा हिस्सा जातो. मग दाढ सुट्टीची वाट बघत बसते आणि भरून वाचली असती ती दाढ गावी येईपर्यंत काढण्याच्या लायकीची होते.

स्वस्त उपचारांसाठी सीमा ओलांडणं जगभर चालतं. हंगेरीतलं मोशोनमाग्यारोवार हे गाव ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ आहे आणि ऑस्ट्रियन लोकांच्या दातांवर तिथले दवाखाने चालतात. मेक्सिकोतल्या लोस अल्गोदोनेस या छोट्या गावात अमेरिकन वृद्ध चालत सीमा ओलांडून कवळ्या करून घ्यायला येतात. केस लावून घेणाऱ्यांची इस्तंबूलला रीघ असते. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. इथले दर कमी आहेत ते जागेचं भाडं, सहायकांचे पगार आणि कॅप बनवणाऱ्या लॅबचा खर्च कमी म्हणून. हात कच्चे आहेत म्हणून नव्हे. जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे, तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आहेत. आणि नीट हसता यावं, मुलाखतीत तोंडावर हात धरावा लागू नये, ही इच्छा चैनीची मानणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही.

माझी काळजी वेळेची आहे. आखातातून आलेल्या माणसाकडे इथल्या दरात परवडेल इतका पैसा असतो, पण दिवस नसतात.

इम्प्लांटचंच बघा. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या पद्धतीचा सगळा आधार हाड धातूला धरून ठेवण्यावर आहे. खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात त्याहून जास्त काळ थांबून मग वरचा दात बसवायचा, हा जुना शिरस्ता. आता निवडक रुग्णांना लगेच तात्पुरता दात लावता येतो, पण हाड भरायला लागायचा तो वेळ लागतोच. पंधरा दिवसांत सगळे दात पक्के करून देतो असं कुणी म्हणालं, तर आधी एक्स-रेवर बोट ठेवून त्याच्याकडून नीट समजावून घ्यावं. घाईचा दुसरा धोका याहून वाईट आहे. एका फेरीत हसू बदलून हवं म्हणून तुर्कस्तानात कित्येक तरुण ब्रिटिशांनी धडधाकट दात घासून त्यांवर कॅपा चढवून घेतल्या. दाताचं घासलेलं आवरण पुन्हा येत नाही. त्या कॅपा आयुष्यभर बदलत राहाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी विमानाचं तिकीट निघेलच असं नाही.

या बाबतीत आपल्याच मुलखातली एक जुनी नोंद मला फार मोलाची वाटते. ब्रिटिशांच्या फौजेतला बैलहाक्या कावसजी टिपूच्या सैनिकांच्या तावडीत सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती पद्धत वापरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिथे शस्त्रक्रिया केली. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दिवसांचा हिशोब. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. कपाळ आणि नाक जोडणारी कातडीची पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची. तोवर त्या पट्टीतूनच नव्या नाकाला रक्त पोचतं. त्या वैद्याचं नाव नोंदीत नाही, पण जखमेला किती दिवस द्यायचे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. रुग्ण डोळ्यांसमोर राहणार, हे त्या विद्येत गृहीतच होतं.

आज तेच गृहीत सुटलं आहे. पोटाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया केली तर विमानात बसण्याआधी आठवडा-दहा दिवस थांबा, असा सल्ला ब्रिटनमध्ये देतात, कारण रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. दातांत असा जिवाचा प्रश्न सहसा येत नाही, म्हणून नंतरच्या तपासणीकडे आणखी दुर्लक्ष होतं. रूट कॅनॉल झाला, तात्पुरतं सिमेंट भरलं, शेवटची सिटिंग राहिली आणि माणूस विमानात बसला, हे इथे नित्याचं आहे. ते सिमेंट निघालं की जंतू पुन्हा आत शिरतात आणि वाचवलेली दाढ जाते. दोष रुग्णाचा म्हणवत नाही, त्याची रजाच संपलेली असते. पण डॉक्टरने रजा किती हे पहिल्याच दिवशी विचारलं पाहिजे आणि तिच्यात जे पूर्ण होईल तेवढंच हाती घेतलं पाहिजे. या सुट्टीत किडलेले दात भरायचे, वाचणार नाही तो काढायचा आणि शक्य असेल तर इम्प्लांटचा स्क्रू बसवायचा. वरचा दात पुढच्या सुट्टीत. अशी दोन सुट्ट्यांची आखणी रुग्णाला आवडत नाही, आणि तेवढ्यासाठी तो शेजारच्या दवाखान्यात जाईल ही भीती डॉक्टरला असते. तरीही आखणी तशीच व्हायला हवी.

आणि निघताना त्याच्या हातात कागद हवेत. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, कोणत्या दातावर काय केलं त्याची नोंद आणि इम्प्लांटची कंपनी, माप व लॉट नंबर. स्क्रू प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्याची किल्लीही वेगळी. कुवेतमध्ये रात्री तो सैल झाला तर तिथल्या डॉक्टरला कोणती किल्ली लावायची हे या नोंदीतूनच कळणार. इम्प्लांटच्या डबीवर ही सगळी माहिती असलेली चिकटपट्टी असते. ती काढून रुग्णाच्या फायलीत लावायला दवाखान्याला एक रुपयाही खर्च येत नाही, आणि रुग्णाने ती मागून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.