खरा आकडा कोणाला परवडतो?

नागऱ्याच्या बांध्यांत रोवणीला माणसे उतरली, की वर्गातल्या पट्ट्यांवर मोकळ्या जागा दिसू लागतात. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव महाशिवरात्रीला तिथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे गजबजते. एरवी ते धानाचे गाव. आई-बाप चिखलात, धाकटे भावंड अंगणात, त्याला सांभाळायला चौथीतली मोठी बहीण घरी. नेमकी याच जुलै-ऑगस्टात राज्याची पायाभूत चाचणी येऊन थडकते. वर्षअखेरची संकलित चाचणी एप्रिलातली, तेव्हा सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्ट्यात मोहफुले वेचायची घाई असते. वेळापत्रक पुण्यात ठरते. तिथून पाऊस दिसतो, रोवणी दिसत नाही.

तरी मोजमाप नको, असे मी म्हणणार नाही. मोजले जात नव्हते तेव्हाही गरिबाच्या लेकराचे काही भले चालले नव्हते. ‘असर’च्या पाहण्या 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा एक उतारा ठेवू लागल्या, तेव्हा पाचवीतली कितीतरी मुले तो वाचू शकत नाहीत, हे पहिल्यांदा सगळ्यांसमोर आले. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात अनेक घरांना आपल्या मुलाला धड वाचता येत नाही, हे तो नववीत गेल्यावर कळले. अशा घरातल्या बापाला मोजमापाचा जाच वाटला नाही. आधी का नाही सांगितले, एवढेच त्याचे म्हणणे होते.

म्हणून 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम आला, तेव्हा त्यामागचे एक वाक्य मला फार मोलाचे वाटले: प्रत्येक मूल शिकू शकते. याला मी नैतिक विधान समजतो. ते खरे धरले, तर ‘हे पोरगेच ढ’ ही शिक्षकाची, शाळेची आणि समाजाची जुनी पळवाट बंद होते. घोटाळा झाला तो पुढे. मूल शिकू शकते याचा अर्थ, शिकले नाही तर दोष एकट्या गुरुजींचा, असा लावला गेला. गावोगाव ‘100 टक्के प्रगत शाळा’चे फलक लागले. लोकवर्गणीतून आयएसओ मानांकने आली. शाळासिद्धीच्या 7 क्षेत्रांत आणि 46 गाभा मानकांत शाळांनी स्वतःला श्रेण्या दिल्या. अप्रगत मुलांचा आकडा शून्यावर आणायचा होता आणि आकडा खाली आणायचे दोन रस्ते असतात. एक वर्गातून जातो, दुसरा रकान्यातून.

दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींच्या टेबलाशी जरा थांबू. एका खोलीत दोन-तीन वर्ग, मुख्याध्यापकाचा प्रभार त्यांच्याचकडे, मोबाइलवर सकाळपासून तीन लिंका आल्यात आणि तिन्हींच्या शेवटी ‘आजच भरावी’ लिहिले आहे. वीस मुलांपैकी सात जणांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत. सात लिहिले, तर खुलासा मागितला जाणार, कृती आराखडा मागितला जाणार, वर प्रशिक्षणाला बोलावणे. म्हणजे त्या सात मुलांचे आणखी चार दिवस बुडणार. दोन लिहिले, तर केंद्राच्या बैठकीत कोणी नाव घेणार नाही, घेतलेच तर कौतुकाने.

गुरुजींनी दोन लिहिले, तर ते खोटे बोलले. यात मला सूट द्यायची नाही. कारण उरलेली पाच मुले त्या क्षणी कागदावर शिकून मोकळी झाली आणि आता त्यांच्यासाठी जादा तास नाही, पुस्तक नाही, कोणी येणार नाही. खोट्या आकड्याची किंमत नेहमी वर्गातले सर्वांत गरीब मूल मोजते. पण पाप वाटून घ्यायचे, तर त्याचा मोठा वाटा ज्यांनी दरपत्रक लावले त्यांच्याकडे जातो. खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला प्रशस्तिपत्र, असा भाव लावून वर प्रामाणिकपणाची अपेक्षा धरायची, हा कुठला न्याय? आणि जिल्ह्यांच्या क्रमवारीत आपला जिल्हा वर सरकला, की पहिल्या पानावर चौकट छापणारी आमची वर्तमानपत्रेही त्या दरपत्रकावर सही करूनच असतात.

हे नवे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लोव यांनी निकालावर अनुदान सुरू केले: मुले वाचन, लेखन, गणितात उतरली, तर शाळेला पैसे. पोटाचा प्रश्न म्हटल्यावर शाळांनी पुस्तकेच तोंडपाठ करून घेतली. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे तेव्हा शाळा तपासनीस होते. वाचता न येणारे मूलही वाचनाच्या परीक्षेत पास होते, असे ते आपल्या अहवालांत कळवत राहिले. तीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. अमेरिकेने 2002 च्या कायद्याने 2014 पर्यंत प्रत्येक मूल पातळीवर आणण्याची शपथ घेतली. मध्येच अटलांटात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचे उघड झाले आणि 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. अटलांटाची नक्कल आपल्याला करावी लागली नाही, आपण रकाने आधीच स्वतः भरत होतो.

पण या सगळ्यांत मला सर्वांत नेमके बोललेले जोतीराव फुले वाटतात. 19 ऑक्टोबर 1882 ला त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन मांडले. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, हे आपण सगळे जाणतो. त्यातच निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीवरही ते बोलले, हे फारसे कोणी सांगत नाही. गरीब, अडाणी लोकांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत आपल्या हिमतीवर शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकाला महिना निदान 12 रुपये, मोठ्या गावात 15 ते 20 द्या, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे आधी शिक्षकाला उभे करा, मग त्याच्याकडे हिशेब मागा. निकालाला पैसे किंवा मान जोडला, की तो जिथे निकाल आधीच चांगला आहे तिथे जातो. पुस्तके असलेल्या घरातले मूल शाळेला गुण मिळवून देते. रोवणीवर आई गेलेले मूल शाळेचे गुण घालवते. मग असे मूल शाळेला नकोसे व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण’ अभियानाचा निकष आहे. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचावेत. निकष वाईट नाही. अडखळत वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही, हे शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. समजा, एक मुलगी वाचते आहे. घरी ती पोवारी बोलते, गोंदियाच्या बाजारात हिंदी ऐकते, पुस्तकातली मराठी तिला शाळेतच भेटते. बोट ओळीखाली, ओठ आधी हलतात, आवाज मागून. ‘माझे घर’ लिहिलेले असते, ती सहज ‘मोरो घर’ म्हणून जाते. चूक. मोबाइलवरचे मिनिट संपते, 38 शब्द होतात. गोष्टीत काय झाले, असे विचारले तर अर्धी पोवारी, अर्धी मराठी मिसळून ती शेवटपर्यंत सांगते, वर गोष्टीतल्या बकरीला तिने आपल्या घरच्या बकरीचे नावही देऊन टाकलेले असते. मागच्या वर्षी ती अक्षरांपाशीच अडत होती, हे गुरुजींना माहीत. नोंदीत चढते ते एवढेच, की स्तर गाठला नाही. सरहद्दीवरच्या या जिल्ह्यात शिक्षकाचे अर्धे काम मुलाला एका भाषेतून दुसरीत हात धरून आणण्याचे असते आणि त्या कामाला रकाना नाही.

2025 पासून निपुण महाराष्ट्रात चावडी वाचनही आले आहे. गावासमोर मुलांनी वाचून दाखवायचे. माझे मन इथे दोन बाजूंनी ओढले जाते. चावडीवर खोटा आकडा टिकत नाही, गावाच्या कानाला सगळे ऐकू येते. शाळेचा हिशेब शेवटी जिल्ह्याच्या तक्त्याऐवजी आई-बापांसमोर होतो, हे चांगलेच. पण चावडीवर अडखळलेल्या पोराला पुढे गावभर चिडवतील ते काय? आणि शाळा पुढे कोणाला करणार? घडाघडा वाचणाऱ्यांनाच. मागच्या रांगेतले त्या दिवशी ‘तब्येतीमुळे’ घरी असतील.

शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरे काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते. लिंक भरण्याला काम म्हणतात, हेच अजून कोणी मान्य केलेले नाही. त्यामुळे वरून फार लवकर काही बदलेल, अशी मला आशा नाही. मात्र त्याच कायद्याने गावाला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे रजिस्टरवरच्या सह्या. रोवणी आटोपल्यावर नागऱ्यासारख्या गावातल्या पालकांनी एक बैठक खरीच घ्यावी. कोणाकोणाला वाचता येत नाही, हे गुरुजींना विचारावे आणि सातचा आकडा ऐकून आवाज चढवू नये. त्या सात जणांसाठी संध्याकाळी तासभर बसायला गावातली बारावी झालेली कोणती पोर तयार आहे, ग्रामपंचायत तिला मानधन काय देईल, पुढच्या वर्षी रोवणीच्या पंधरवड्यात धाकट्या भावंडांना अंगणवाडीत किती वाजेपर्यंत ठेवता येईल, हे त्याच बैठकीत ठरवून मग सह्या कराव्यात.