विश्रांती कोणाकोणाची?

जूनचा पहिला पाऊस सह्याद्रीवर पडला, की आपल्या औद्योगिक पट्ट्यात एक निराळीच लगबग सुरू होते. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण, तळेगाव येथील वसाहतींतून मोटारसायकली, भाड्याच्या गाड्या आणि लोकलचे डबे भरभरून लोणावळ्याकडे, पवना धरणाकडे, भीमाशंकराकडे निघतात. वर्षभर पत्र्याच्या छपराखाली यंत्रांची घरघर ऐकणाऱ्या माणसाला धबधब्याचा नाद ऐकावासा वाटावा, आपल्या लेकरांना डोंगर दाखवावासा वाटावा, यात वावगे काहीच नाही. सहलीला जावे की न जावे, हा या लेखाचा विषय नव्हे. प्रश्न वेगळा आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. आपण सहकुटुंब सुट्टी घेतो, तेव्हा विश्रांती नेमकी कोणाकोणाला मिळते?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सुट्टी आपल्यापर्यंत कशी आली, हे थोडक्यात पाहू. साप्ताहिक सुट्टी ही आपल्याला निसर्गनियमाप्रमाणे लाभलेली गोष्ट नाही; ती मागावी लागली. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांचे घराणे मूळचे खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. ज्या तालुक्यात आज चाकणचे कारखाने उभे आहेत, तोच हा तालुका! रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मागितला गेला, असे सांगितले जाते. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. कामगाराला विश्रांतीचा दिवस मिळालाच पाहिजे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. परंतु ही विश्रांती म्हणजे नुसते रिकामे बसणे किंवा पैसे उधळून व्यसनाच्या नादी लागण्याची संधी नव्हे, असेही बजावले. मुंबईतील सत्यशोधक आणि रोममधील पोप यांचा परस्परांशी परिचय नव्हता. तरीही दोघांना एकच गोष्ट जाणवली होती: माणूस यंत्राचा सुटा भाग नाही.

पवित्र शास्त्रात शब्बाथाची आज्ञा दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिचे कारण वेगळे दिले आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण आहे ते निर्मितीचे: परमेश्वराने सहा दिवसांत जग निर्माण करून सातव्या दिवशी विश्राम केला. अनुवादाच्या पुस्तकात कारण आहे ते मुक्तीचे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा, म्हणून तुमच्या दासालाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. दोन्ही ठिकाणी विश्रांती घेणाऱ्यांची यादी मोठी आहे. तीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास व दासी आहेत, गुरेढोरे आहेत, वेशीच्या आत राहणारा परका आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात तर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा सांगितला आहे. म्हणजे पवित्र शास्त्राच्या दृष्टीने विश्रांती ही एकट्याने उपभोगण्याची वस्तूच नव्हे. जी वाटली जात नाही, ती विश्रांती कोणाच्या तरी श्रमावर घेतलेली चैन ठरते. ही यादी हाती घेऊन आपण आपली सहल तपासून पाहू.

पहिले नाव घरातल्या माउलीचे. सहलीच्या दिवशी ती पहाटे चारला उठते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटणी, धाकट्याचे औषध, सर्वांचे कोरडे कपडे हे सारे तिच्याच डोक्यात असते. धबधब्यावर बाकीचे भिजतात, ती पिशव्या सांभाळीत बसते. रात्री परतल्यावर चिखलाने माखलेल्या कपड्यांचा ढीगही तिचाच. घरातल्या सर्वांची सुट्टी झाली, तिच्या कामाची जागा तेवढी बदलली. आज्ञेमध्ये 'तुझी पत्नी' असे शब्द नाहीत, म्हणून तिला वगळले असे कोणी समजू नये. 'तू' म्हटले, त्यातच ती आली. ती वगळली गेली असेल, तर ते आपल्या व्यवहारात.

दुसरे नाव मुलांचे. येथे आपल्या पट्ट्याची एक खास अडचण आहे. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याच्या निरनिराळ्या दिवसांवर विभागून देण्याच्या जुन्या व्यवस्थेतून ती प्रथा पडली. शाळेची सुट्टी मात्र रविवारी. त्यात तीन पाळ्यांचे चक्र! वडील रात्रपाळीहून येऊन झोपतात तेव्हा मुले शाळेत जातात. मुले परततात तेव्हा वडील निघण्याच्या तयारीत असतात. ज्यांची नोकरी कंत्राटी आहे, त्यांचा एक खाडा पडला, की त्या दिवसाचा पगार गेला. अशा घरात 'सहकुटुंब' हा शब्द लग्नपत्रिकेतच काय तो उरतो. म्हणून वर्षातून एखादा दिवस जेव्हा सर्व मिळून बाहेर पडतात, तेव्हा त्या दिवसाचे मोल फार मोठे असते.

मग त्या दिवशी मुलाला मिळते काय? मागच्या पिढीच्या प्रवासांची ठिकाणे ठरलेली असत: सुट्टीत मामाचे गाव आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा. प्रवासाच्या शेवटी कोणीतरी वाट पाहणारे असे. मामी असे, आजी असे, माउली असे. आता प्रवासाच्या शेवटी 'पॉइंट' असतो. टायगर पॉइंट झाला, की लायन्स पॉइंट. तो झाला, की भुशी धरण. स्थळे मोजली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि 'तिकडे काय बघतोस, इकडे कॅमेऱ्यात बघ' असे मुलाला सांगितले जाते. वस्तुतः ते बालक योग्य ठिकाणीच पाहत असते. आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे नीट पाहा, असे प्रभू येशूने चिंतेने ग्रासलेल्या मोठ्या माणसांना सांगितले. मुलांना ते सांगण्याची गरज नव्हती. सुट्टीत मुलाला डोंगराइतकीच किंबहुना डोंगराहून अधिक गरज असते ती घाईत नसलेल्या बापाची.

यादीतील तिसरे नाव परक्याचे. आणि सहलीला गेल्यावर परके आपणच असतो, हे आपण विसरतो. पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला आज शेकडो कुटुंबे जातात. त्याच धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथे उचलले जाते आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. रविवारी ज्या जलाशयाची शोभा आपण पाहतो, तोच सोमवारी आपल्या हंड्यात असतो. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. ते पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांना प्राण गमवावे लागले. योजना योग्य की अयोग्य, हा वाद येथे करायचा नाही. परंतु त्या काठावर बसून मुलांना जेवू घालताना एवढे तरी त्यांना सांगता येईल, की बाळांनो, हे सुंदर पाणी कोणाच्या तरी शेतावर उभे आहे. भीमाशंकराच्या वाटेवरच्या हिरव्या उतारांविषयीही तसेच. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच एका उताराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. आपल्याला जो देखावा वाटतो, ते कोणाचे तरी घर असते. त्या घरात पाहुण्याने कसे वागावे, हे आपल्या आजीने आपल्याला शिकवले आहे. तेवढेच तेथे आठवले तरी बाटल्यांचे व प्लास्टिकचे ढीग मागे राहणार नाहीत आणि कणीस भाजून देणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली जाणार नाही.

येथे संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. सेमिनरीच्या रूक्ष वाटणाऱ्या अभ्यासात त्यांच्या 'सुम्मा'मधील एक कथा विद्यार्थ्यांना फार आवडते. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही लोकांना धक्का बसला. योहानने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. अनेक बाण सोडून झाल्यावर विचारले, 'असे सतत करता येईल काय?' तो म्हणाला, 'नाही, धनुष्य मोडेल.' माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहानने सांगितले. म्हणजे खेळ व विरंगुळा यांना नीतिशास्त्रात मानाचे स्थान आहे. पण अक्वायनस लगेच तीन पथ्ये सांगतात: आनंद हीन वा अपायकारक गोष्टींत शोधू नये, मनाचा तोल पूर्णपणे जाऊ देऊ नये, आणि तो आनंद स्थळ, काळ व व्यक्ती यांना साजेसा असावा.

तेराव्या शतकातील ही पथ्ये आज आपल्या घाटात जीवनमरणाची झाली आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढले आणि पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले: एक स्त्री आणि चार मुले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. चार जण मृत्यू पावले, पन्नासहून अधिक जखमी झाले. दोन्ही दिवस रविवार होते. ती माणसे बेपर्वा होती, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही; ती तुमच्याआमच्यासारखीच, मुलांना आनंद द्यायला निघालेली माणसे होती. शासनाची जबाबदारी शासनाने उचलावी. आपण आपल्यापुरते शिकावे. डोंगराच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस खडकाळ उतारावरून काही मिनिटांत खाली येतो. खाली उभ्या असलेल्याला तो पाऊस दिसतही नाही. पाणी गढूळ झाले, काटक्या व पाला वाहत येऊ लागला, आवाज बदलला, की क्षणभरही न थांबता मुलांना घेऊन वर यावे. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असले, तर धडधाकट माणसाला पाडते.

यात नैतिक प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. तो असा, की मुलाला धोक्याचा अंदाज नसतो. ते बापाचा हात धरून पाण्यात उतरते, कारण बाप उतरतो. त्याचा विश्वास संपूर्ण असतो आणि म्हणूनच त्या विश्वासाचा भार मोठा असतो. मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तिची दुसरी बाजू मोठ्यांसाठी आहे. खून न करण्याची पाचवी आज्ञाही येथे लागू होते: नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो. घाटातून परतताना हे आठवावे.

आता एक रास्त आक्षेप. 'फादर, वर्षातून एक दिवस मिळतो. त्यावरही तुम्ही इतक्या अटी लादल्या, तर गरीब कामगाराने हसावे तरी केव्हा?' हा आक्षेप खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हे प्रभूनेच सांगितले आहे. म्हणून पहाटे सहलीला निघणाऱ्या कुटुंबाला कोणी पापी ठरवू नये. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी सोय ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टी म्हणजे आनंदावर घातलेल्या अटी, असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्यांच्यामुळे आनंद वाढतो. माउलीने एक दिवस स्वयंपाक केला नाही, गावातल्याच एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगितली, तर तिलाही विसावा मिळतो आणि त्या घरालाही चार पैसे. पाच स्थळांऐवजी एकच ठिकाण गाठले, तर खर्च कमी होतो आणि गप्पा वाढतात. सुट्टी गुरुवारी आली, तर गाडी न करताही, संध्याकाळी मुले शाळेतून आल्यावर त्यांना घेऊन इंद्रायणीच्या काठी तासभर बसता येते. जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या देशात, फुरसतीवर पुस्तक लिहिले. पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून घेतलेली उसंत ही खरी फुरसत नव्हे, अस्तित्वाला मनापासून होकार देणे म्हणजे फुरसत, हा त्यांचा आशय. त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर राजमाचीच्या रानात काजवे चमकतात. ते पाहायला हल्ली मोठी गर्दी होते. काजव्यांचे चमकणे म्हणजे नर-मादीने परस्परांना दिलेली साद असते. माणसांच्या बॅटऱ्यांच्या व गाड्यांच्या उजेडात ती हरवते. म्हणून काजवे पाहायचे असतील, तर प्रथम आपला दिवा विझवावा लागतो आणि अंधारात गप्प बसावे लागते. तसे बसले, की थोड्या वेळाने सारे झाड उजळू लागते. मुलांना हे एकदा करून दाखवावे. काजव्यांना त्यांचा अंधार मिळतो, गावाला शांतता मिळते, आईबापांना मुलांजवळ बसायला मिळते आणि शेजारी बसलेल्या बालकाला, कोणी काही न शिकवता, हे जग आपण केलेले नाही, ते आपल्याला मिळाले आहे, हे कळते. पुढच्या सुट्टीचा बेत ठरवाल, तेव्हा कोठे जायचे याच्या आधी एवढेच घरात विचारा: या वेळी विश्रांती कोणाकोणाला मिळणार?