कात्सुदोन आणि हिंसेतील भागीदारी

डुकराच्या मांसाचा जाड काप पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, तो कांद्यासह सोया सॉस आणि ‘दाशी’ म्हणजे सुकवलेल्या माशाचे सार यांत शिजवायचा, वर फेटलेले अंडे सोडायचे आणि ते अर्धवट थिजताच सगळे वाडग्यातील गरम भातावर उतरवायचे, अशी कात्सुदोन या जपानी पदार्थाची कृती आहे. अहिंसेचे शील सांगणारा बौद्ध धर्म सुमारे 1400 वर्षे नांदत असलेल्या देशात हा पदार्थ विसाव्या शतकात सर्वमान्य झाला. त्यामुळे हे मांस खाणारा त्या हत्येत कितपत भागीदार ठरतो, हा प्रश्न उपस्थित होतो.

विनयपिटक या बौद्ध नियमग्रंथाने भिक्षूला ‘त्रिकोटिपरिशुद्ध’ मांस, म्हणजे प्राणी आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिलेले, ऐकलेले नाही आणि ज्याविषयी तशी शंकाही नाही असे मांस, घेण्याची मुभा दिली. चुंद या लोहाराने बुद्धांना वाढलेले ‘सूकरमद्दव’ हे डुकराचेच मांस होते, असे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात प्रतिपादन केले आणि त्यावरून महाराष्ट्रात वाद झाला. याउलट महायान पंथाच्या लंकावतारसूत्राने मांसाहार सर्वस्वी निषिद्ध मानला.

जपानमध्ये सम्राट तेन्मू याने 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने वर्ज्य केले. 1872 मध्ये मेइजी शासनाने भिक्षूंनाही मांसाहाराची व विवाहाची मोकळीक दिली. तथापि राजाज्ञेने दंड टळतो, शीलाचा प्रश्न सुटत नाही.

त्रिकोटीच्या नियमाचा आधारही येथे अपुरा पडतो, कारण तो नियम पात्रात पडेल ते स्वीकारणाऱ्या, निवडीचा अधिकारच सोडलेल्या भिक्षूसाठी होता. भोजनगृहात कात्सुदोन मागवणारा मात्र स्वतः निवड करतो; डुक्कर त्याचे नाव घेऊन मारलेले नसले, तरी जो कोणी मागेल त्याच्यासाठी ते मारलेले असते आणि मागणारा तोच असतो.

तेराव्या शतकातील शिनरान या विवाहित धर्माचार्याने या पेचाला वेगळे वळण दिले. अमिताभ बुद्धाची करुणा स्वतःला शुद्ध समजणाऱ्यापेक्षा आपले पाप ओळखणाऱ्यासाठी आहे, असे सांगताना त्याच्या परंपरेने कोळी आणि शिकारी यांनाही त्या करुणेच्या कक्षेत घेतले. त्यामुळे मांस निर्दोष ठरत नाही. मात्र हत्येचे काम दुसऱ्यावर सोपवून आपण निष्पाप राहिलो, हा खाणाऱ्याचा दावा टिकत नाही आणि नैतिकदृष्ट्या त्याची गणना भिक्षूऐवजी शिकाऱ्याच्या बरोबरीने करावी लागते.