रिकाम्या नाट्यगृहाचा पहारा

जळगाव काय, धुळे काय, नाट्यगृह जरा जुने झाले की त्यात कोणीतरी ‘वावरू’ लागते. श्रद्धाळू सांगतो, ‘मध्यरात्री छतावर पावले वाजतात.’ संशयी हसून म्हणतो, ‘उंदीर असतील!’ मला वाटते, घाई दोघांचीही होते.

खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. २० मीटर लांबीचे लोखंडी छप्पर रात्री २५ अंशांनी निवले, तर सुमारे ६ मिलिमीटर आखडते. खिळ्यांपाशी अडते आणि एकदम सुटते. कड्! पावले वाजतात ती अशीही. म्हणजे ऐकणारा खोटे बोलत नसतो. आवाजाला नाव तेवढे घाईने देतो. हसणाऱ्याने तर आवाजही ऐकलेला नसतो.

‘हॅम्लेट’मधला होरेशिओ असाच संशयी. पहारेकऱ्यांना भूत दिसले, हा त्याला भ्रम वाटतो. पण तो घरी बसून हसत नाही, कडाक्याच्या थंडीत त्यांच्यासोबत जागतो. पुढे भूत येते, ती नाटकाची गरज; जागणे मात्र त्याच्या सचोटीचे. बुद्धिवादी आगरकरांनी १८८३ साली हेच नाटक ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणले, यात मला विसंगती दिसत नाही.

प्रेक्षक घरी गेल्यावर त्या अंधारात रखवालदार एकटा उरतो. त्याच्या हाती अंगारा ठेवून निघून येणे काय, अन् व्याख्यान देऊन निघून येणे काय, त्याला सारखेच. भूत नाही, अशी माझी खात्री आहे. ती त्याला द्यायची, तर एक रात्र बॅटरी घेऊन त्याच्याशेजारी बसले पाहिजे.