ट्रेलर काढून टाक

द्रोणागिरी, ता. उरण

चि. सोनू,

तुझी एकांकिका वाचली. भाऊ प्लॉट गिळतील या संशयाने संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड घाईने विकणारा तुझा नायक मला ओळखीचा वाटला. पण शेवटी तू त्याला बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरखाली घातलंस, ते मला पटलं नाही. आपल्या रस्त्यांवर असं घडतं, हे खरं. तेवढ्याने ते नाटकात चालत नाही.

एकानंतर दुसरं घडणं आणि एकामुळे दुसरं घडणं यांत फार अंतर आहे, असं अ‍ॅरिस्टॉटलने बजावलंय. कथानक हाच त्याच्या लेखी शोकांतिकेचा प्राण. योगायोगाबद्दल तो आर्गोसची गोष्ट सांगतो: मितिसचा पुतळा मितिसच्याच खुन्यावर कोसळला. योगायोगच, पण त्यामागे हेतू असावासा वाटतो, म्हणून माणूस थरारतो. तुझ्या ट्रेलरमागे तसं काहीच नाही.

नायकाबद्दल तो म्हणतो: देवमाणूस नको, दुष्टही नको. हातून मोठी चूक होऊन कोसळणारा, आपल्यासारखा हवा. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला (१९१९) सुधाकर बघ. बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि अपमान विसरायला तो तळीरामाने पुढे केलेला पेला घेतो. ज्या मानीपणामुळे तो मोठा वाटतो, तोच त्याला बुडवतो. हे नुसतं दारूबंदीचं नाटक आहे म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडू येतं. पण सुधाकरच्या जागी आपणही असू शकतो, ही भीती अधिक खोल जाते. करुणा आणि भीती, दोन्ही हव्यात.

आता शेवट कसा वळवायचा ते बघ. सोफोक्लीझच्या ईडिपसकडे कॉरिंथचा निरोप्या येतो तो धीर द्यायला: आईशी लग्न होईल ही भीती नको, ती तुझी जन्मदाती नव्हेच! त्याच शब्दांनी सत्य उघडं पडू लागतं. दैव फिरणं आणि ओळख पटणं एकत्र; अ‍ॅरिस्टॉटलला हीच रचना सर्वांत सुंदर वाटली.

तुझ्याकडे असा निरोप्या आहे. पेढे घेऊन येणारा दलाल! त्याला तू दोन वाक्यांत घालवलंस. त्यालाच आनंदाच्या भरात बोलून जाऊ दे, की भाऊ त्याच्याकडे आले होते ते प्लॉट नायकाच्याच मुलांसाठी राखावा म्हणून.

पुलंनी मराठीत आणलेलं ईडिपसचं नाटक, ‘राजा ओयदिपौस’, माझ्या कपाटात आहे. नवा खर्डा लिहिण्याआधी घेऊन जा.

तुझे,
आजोबा