वेगळा तवा

रविवारी सकाळी उशिरा, न्याहारीची वेळ टळलेली आणि जेवणाची अजून यावयाची, अशा वेळी मी पनवेलच्या आमच्या घरी अंडी शिजवतो. कृती साधी आहे. तेलात कांदा तांबूस करावा. आले-लसूण आणि आगरी मसाला घालून टोमॅटो व ढोबळी मिरची मऊ होईतो परतावी. मग उलथन्याने चार खळगे करून त्यांत चार अंडी फोडावीत व झाकण ठेवावे. पारशी गृहिणी हीच युक्ती भेंडी-बटाट्यावर योजतात आणि तिला ‘पर ईडू’, म्हणजे ‘वर अंडे’, म्हणतात. उत्तर आफ्रिकेतून इस्रायलात गेलेल्या यहुद्यांची ‘शक्शुका’ही याच कुळातली.

या पदार्थासाठी आमच्या घरी एक वेगळा खोलगट तवा आहे. तो माझ्या वृद्ध आत्यामुळे. ती अंडे खात नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा तवा म्हणजे स्वतःच्याच घरात झालेला पराभव वाटे. म्हणून एका रविवारी मी तिच्यापुढे माझी बाजू मांडली.

१९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ज्या अंड्यातून पिलू निघूच शकत नाही, ते खाण्यास दूध पिणाऱ्याने हरकत घेण्याचे कारण नाही, असा अभिप्राय त्यांनी त्यात दिला आहे. आपल्याच पनवेलात १८४९ साली बांधलेले बेने इस्रायलांचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर आहे. यहुदी आचारात अंडे ना मांस, ना दुग्धान्न. ते दोहोंबरोबर चालते. मात्र रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकावयाचे, म्हणून प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहतात. उलट आपला कायदा पाकिटावरील दुधाला हिरवी खूण देतो आणि अंड्याला तपकिरी. एकच अंडे तीन ठिकाणी तीन वर्गांत बसते. तेव्हा या साऱ्या सीमा सवयीने आखलेल्या, हा माझा निष्कर्ष.

आत्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “तुझे खरे असेल रे. पण तू पाप करतोस असे मी कधी म्हटले? माझ्या भाकरीच्या तव्यावर करू नकोस, एवढेच.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्या कोंबड्यांना कसे ठेवतात, ते कधी पाहिलेस का?”

मी पाहिले नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले ते असे. बाजारातील बहुतेक अंडी ज्या कोंबड्यांची, त्या पंखही नीट पसरता येणार नाहीत अशा तारेच्या पिंजऱ्यांत जन्म काढतात. त्यांच्या जातीचे नर पिलू अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही. म्हणून उबवणीकेंद्रात ते पहिल्याच दिवशी मारले जाते. निर्जीव अंड्यात पिलू नसते हे खरे; परंतु ते घालणारीला भाऊ होता. माझा युक्तिवाद अंड्याच्या कवचाबाहेर कधी डोकावलाच नव्हता.

तेव्हापासून मला वाटू लागले की, आहाराविषयी आपण चुकीचा प्रश्न विचारतो. ‘हे कोणत्या वर्गात बसते?’ हा प्रश्न पंडितांचा. ‘याची किंमत कोण देते?’ हा नीतीचा. आत्याच्या नियमाची किंमत आत्या स्वतः देते. आयुष्यभर तिने परक्या घरी चहाखेरीज फारसे काही घेतले नाही. माझ्या रविवारच्या चवीची किंमत मात्र कोंबडी देत होती.

हीच कसोटी उलट बाजूसही लागू पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेतील मुलांना मध्यान्ह भोजनात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरवले. त्यावर आक्षेप निघाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबला. जो अंडे खात नाही त्याचा संयम मला पूज्य आहे. परंतु जो संयम दुसऱ्याच्या भुकेल्या मुलाच्या ताटातून वसूल केला जातो, त्याला संयम म्हणता येईल काय? आत्याने माझ्या ताटाला कधी हात लावला नाही. तिने फक्त आपला तवा मागितला.

आता मी गावाकडून येणाऱ्या बाईकडून मोकळ्या कोंबड्यांची गावठी अंडी घेतो. ती महाग पडतात, म्हणून चाराची दोन झाली आहेत. यामुळे मी निर्दोष ठरलो, असा माझा दावा नाही. किंमतीचा थोडासा भाग माझ्याकडे आला, इतकेच. वेगळा तवा खुंटीवर आहे. वापरून झाला की मीच घासून ठेवतो.